आवाज गेलेल्या टीव्हीचे दिवस

टीव्हीचा आवाज गेला, तेव्हा घरात ज्यांना त्याचा पत्ताच लागला नाही अशा एकट्या आत्याबाई होत्या. मालिका ऐन रंगात आलेली, सासूने सुनेच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा हिसकावून घेतलेला, आणि तेवढ्यात टीव्हीच्या पोटातून चर्र असं काहीतरी झालं आणि सगळं चिडीचूप. चित्र मात्र झकास चालू. सासू तोंड उघडत होती, मिटत होती, आणि बाहेर काही येत नव्हतं.

घरातल्या सासऱ्यांनी रिमोट तळहातावर आपटून पाहिला. त्यांचा मुलगा टीव्हीच्या मागे शिरून वायरी काढून परत खोचून आला. नातीने "म्यूट तर नाही ना झाला?" हे इतक्या वेळा विचारलं की शेवटी तिलाच सगळ्यांनी म्यूट व्हायला सांगितलं. आत्याबाई खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत पुढे झुकून तशाच बघत होत्या, आणि मध्ये कडमडणाऱ्या भाच्याला हातानेच 'बाजूला हो' म्हणत होत्या.

घरची सून कपाळाला हात लावून बसली. ती दिवसभर औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी असायची. डॉक्टरांची अक्षरं लावून लावून संध्याकाळपर्यंत डोळ्यांचा भुगा व्हायचा. मग घरी आल्यावर पाय वर घेऊन ही एक मालिका बघायची, एवढीच तिची चैन. तीही गेली.

आत्याबाई म्हणजे सासऱ्यांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, किंवा जमलं नाही. त्यावर त्या कधी बोलल्या नाहीत आणि कुणी विचारायची हिंमत केली नाही. तरुणपणापासून कापडाच्या कारखान्यात मागावर काम केलं. पत्र्याची लांबलचक शेड, त्यात ओळीने लावलेले माग, आणि प्रत्येक मागात इकडून तिकडे धडाधड पळणारा धोटा. चालत्या मागात कुठे सूत तुटलं ते नजरेने टिपायचं, माग थांबवायचा, दोन बोटांत गाठ मारायची, पुन्हा चालू. असं आयुष्य गेलं. त्या गदारोळात शेजारणीच्या कानात तोंड घालून ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. कान कधी गेले हे त्यांनाही सांगता यायचं नाही. एकदम गेले असते तर कळलं असतं. हे उन्हात पडदा विटावा तसे गेले.

कारखाना बंद पडल्यावर त्या भावाकडे राहायला आल्या. डॉक्टरांनी कानाचं यंत्र दिलं होतं. ते लावलं की भांड्यांचं फडताळ अंगावर कोसळल्यासारखं होतं, असं म्हणून त्यांनी ते खणात टाकलं. घरातल्यांनीही आपापली सोय करून घेतली. जेवायला बोलवायचं तर हाताचा घास तोंडाकडे न्यायचा, बाहेर निघालं तर बोटं चालवून दाखवायची. समोर उभं राहून सावकाश बोललं तर त्यांना समजतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण तेवढा वेळ कुणाकडे होता? आणि त्या स्वतःही फारसं बोलत नसत. कारण बोलायला लागल्या की शेडमधलाच आवाज निघायचा. भाऊ लहानपणापासून त्यांना 'चिमणी' म्हणत असे, पण ही चिमणी बोलली की खिडकीची काच थरथरायची. मग भाऊ तळहात खाली दाबून 'हळू, हळू' अशी खूण करायचा. अशा खुणा होत होत त्यांनी बोलणंच कमी करून टाकलं होतं. संध्याकाळी टीव्हीसमोर बसायच्या. सून पाहुण्यांना सांगायची, "चित्रं बघतात बिचाऱ्या. तेवढाच वेळ जातो."

दुसऱ्या दिवशी मागच्या गल्लीतला टीव्ही दुरुस्त करणारा आला. त्याने पाठ उघडली, फुंकर मारली, धूळ सगळ्यांच्या नाकात गेली. "चित्र ठणठणीत आहे," तो म्हणाला. "आवाजाचा बोर्ड जळालाय. नवा आता येत नाही. असलाच एखादा सेट कुणी मोडीत काढला तर त्यातला काढून बसवतो. दम धरायची तयारी आहे का?"

"आहे," सासरे म्हणाले.

"नाही," मुलगा म्हणाला. "बाबा, किती जुना झालाय तो. नवीन घेऊ. मोठा."

"चालतंय ते फेकायचं?"

"चालतंय कुठे?"

"आवाज नाही एवढंच. माणसाचा घसा बसला तर माणूस बदलतोस का?"

दुरुस्तीवाला बिचारा पेचकस हातात घेऊन दोघांकडे आळीपाळीने बघत होता. शेवटी त्याने पाठ परत लावली आणि "बोर्ड मिळाला की कळवतो," असं म्हणत काढता पाय घेतला. टीव्ही मुकाच राहिला. बापलेकांचं युद्ध पुढे रोज जेवताना चालू राहिलं. आत्याबाईंना मात्र कुणी काही विचारलं नाही. ज्यांना ऐकूच येत नाही त्यांना आवाजाबद्दल काय विचारायचं?

त्या संध्याकाळी सवयीने सगळे टीव्हीसमोर बसले. नातीने टाइमपास म्हणून आपल्या मनाने संवाद म्हणायला सुरुवात केली. पडद्यावरची सून रडत रडत नवऱ्याला काहीतरी सांगत होती. "अहो, येताना कोथिंबीर आणा," नात गळा काढून म्हणाली. सगळे हसले.

आत्याबाईंनी वळून तिच्याकडे पाहिलं. "कोथिंबीर काय?" त्या आपल्या खड्या आवाजात म्हणाल्या. "ती म्हणतेय, मी या घरात तुझ्यामुळे आले, तुझ्या आईमुळे नाही. आणि जाईन तीसुद्धा तुझ्यामुळेच."

"आता तो म्हणतोय, हळू बोल, आई ऐकेल," आत्याबाई पुढे म्हणाल्या, आणि मग सगळ्यांची तोंडं बघून, "काय झालं? असंच म्हणतोय की. हे बघ, आता ती म्हणाली, ऐकू दे."

सून पाय खाली सोडून सावरून बसली. "आत्या," ती त्यांच्या समोर जाऊन म्हणाली, "तुम्हाला हे सगळं कळतं? रोज?"

"नाहीतर काय मी भिंतीकडे बघत बसते?"

त्या दिवसापासून घराचं संध्याकाळचं वेळापत्रक पार बदललं. आत्याबाईंची खुर्ची खिडकीजवळून उचलून मधोमध आली. त्या बघायच्या आणि बोलायच्या, बाकीचे बघायचे आणि ऐकायचे. अभिनयाचं अंग त्यांना मुळीच नव्हतं. "नालायका, चालता हो, माझ्या डोळ्यांसमोर उभा राहू नकोस" हे त्या किराणा सांगावा अशा सुरात सांगायच्या. पण त्यात एक अक्षर इकडचं तिकडे होत नसे, आणि कुणी 'हळू' अशी खूण करत नसे. उलट सासरेच म्हणायचे, "चिमणे, जरा मोठ्याने!"

नातीने विचारलं तेव्हा त्यांनी विद्या समजावून सांगितली. शेडमध्ये सगळ्याच बायका ओठांनी बोलायच्या. या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला घरचं सगळं रामायण सांगायची, तेही हात न थांबवता. "पण ते पुरत नाही गं," त्या म्हणाल्या. "प, ब, म तिन्ही सारखेच दिसतात. ओठ मिटले की मिटले. क आणि ग तर घशात होतात, दिसतच नाहीत. मग पुढचं-मागचं बघून लावायचं."

हे 'लावायचं' सुनेला बरोबर कळलं. दुकानात ती दुसरं काय करत होती?

कधीकधी लावलेलं चुकायचंही. मालिकेत एक पांढऱ्या केसांचा कपटी माणूस आला. नायिका त्याला 'बाबा' म्हणते असं आत्याबाईंनी सांगितलं आणि घरात खळबळ उडाली. ज्या बापाचा कधी पत्ता नव्हता तो हा! सून दुकानात गिऱ्हाईक नसताना त्याच्यावरच विचार करत बसायची. मग नातीला कॉलेजातल्या मैत्रिणीकडून कळलं की तो बाबा नाही, मामा आहे. नातीने हे जाहीर केलं तेव्हा सगळ्यात जास्त आत्याबाईच हसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "मरू दे. बाप असता तर जास्त मजा होती."

जाहिरातींचं एक कोडं त्यांना कितीतरी वर्षं पडलं होतं, तेही सुटलं. "हा दाढीचं सामान विकणारा काय बडबडतो ते मला आजवर कळलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, माझंच डोकं चालेनासं झालं." सुनेने समजावलं की तो दुसऱ्याच भाषेत बोलतो, वरून आपल्या भाषेतला आवाज चिकटवतात. आत्याबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. "म्हणजे तोच लबाड. मी ठीक आहे."

क्रिकेटच्या सामन्याच्या दिवशी तर कहर झाला. झेल सुटला, कॅमेरा कप्तानाच्या तोंडावर गेला, आणि आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला.

"काय म्हणाला?" सासऱ्यांनी विचारलं.

"नको."

"अगं सांग की!"

त्यांनी सांगितलं. त्याच आवाजात, खिडक्या उघड्या असताना. समोरच्या घरातलं कुणीतरी गॅलरीत येऊन बघून गेलं.

खलनायकाच्या माणसांपैकी एकाला झुबकेदार मिशा होत्या. तो बोलायला लागला की आत्याबाई थांबायच्या. "याचं अर्धंच कळतं," त्या एकदा म्हणाल्या. "वरचा ओठ दिसतच नाही. दादाचंही तसंच. त्याचं मी नेहमी अंदाजानेच घेते." सासऱ्यांचा हात मिशीकडे गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते न्हाणीघरात बराच वेळ होते. बाहेर आले तेव्हा तरुणपणापासून राखलेल्या मिशीची एक बारीक रेघ तेवढी उरली होती. त्यावर बोलायची हिंमत फक्त नातीत होती, आणि तिला तिच्या आईने वेळीच चिमटा काढला.

एका संध्याकाळी सून आणि तिचा नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून कुजबुजत होते. बाहेरच्या खोलीत आत्याबाई टीव्हीसमोर आणि सासरे पेपरात. नवरा म्हणाला, "बाबा दुपारी झोपतात तेव्हा नवीन आणून लावून टाकू. समोर आल्यावर काय बोलणार आहेत?"

"असं चोरून नको रे!" खोलीच्या त्या टोकाकडून आत्याबाई गरजल्या. "त्याला लागेल."

सासऱ्यांनी पेपर खाली घेतला. "कोण चोरून? काय लागेल?"

मग आत्याबाईंनी टीव्हीकडे बोट केलं. "मालिकेत रे, दादा. चोर आलाय एक." सासरे समाधानाने पुन्हा पेपरात गेले.

सून दाराच्या चौकटीला टेकली. ती त्या खुर्चीपासून या दारापर्यंतची जागा बघत होती. खुर्ची खिडकीत होती तेव्हाही तिथून हे दार समोरच दिसायचं. आणि घरातलं जे जे म्हणून कुणाच्या कानावर जाऊ द्यायचं नसायचं, ते ती आणि नवरा आजवर याच दारात उभं राहून बोलत आले होते.

मग तिला सासऱ्यांच्या दुखण्याची आठवण झाली. त्यांची छाती भरून आली होती, तपासण्या झाल्या होत्या, आणि डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हृदय थकलंय. यांना एकट्याला लांब फिरायला सोडू नका. म्हातारा असा हट्टी की हे सांगितलं असतं तर मुद्दाम चढाचा रस्ता धरला असता. सांगायचं नाही असं दोघांनी ठरवलं. पण मग रोज त्यांच्याबरोबर जाणार कोण? दोघं कामावर, मुलगी कॉलेजात. याच दारात त्या रात्री दोघांनी डोकं धरलं होतं. आणि दुसऱ्याच दिवशी, गुडघ्यांच्या नावाने बोटं मोडणाऱ्या आत्याबाईंनी चपला घातल्या आणि भावाला ओरडून सांगितलं, "मीही येते. बसून बसून कंटाळा आला." तेव्हापासून त्या रोज जात होत्या. येताना जिना चढताना कठड्याला धरून उभ्या राहायच्या, आणि सासरे वैतागायचे की हिच्यामुळे मला हळू चालावं लागतं.

सुनेला तेव्हा वाटलं होतं, बरं झालं, आयतंच जमलं.

ती दारातून पुढे आली नाही. तिथेच उभी राहून, आवाज न काढता, फक्त ओठांनी म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं? बाबांचं?"

आत्याबाईंनी टीव्हीवरून नजर काढली. एरवी ज्या बाईचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जायचा, त्या बाईचे ओठ हलले आणि खोलीत टाचणी पडल्याइतकाही आवाज झाला नाही. सुनेला पहिल्यांदा ते वाचता आलं नाही. आत्याबाईंनी पुन्हा सांगितलं, सावकाश, शेडमध्ये नवीन आलेल्या मुलीला सांगत असतील तसं. दुसऱ्यांदा सुनेने वाचलं: "त्याला कळू देऊ नकोस."

दोघींच्या मधे बसलेल्या सासऱ्यांनी पेपराचं पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी सासरे आंघोळीला गेल्यावर सून आत्याबाईंसमोर स्टूल घेऊन बसली. काय विचारायचं ते ठरवून आली होती, पण तोंडातून भलतंच निघालं. "आत्या, इतक्या वर्षांत आमचं काय काय वाचलं असेल तुम्ही. कधी राग नाही आला?"

"आला की," आत्याबाई म्हणाल्या. "पण शेडमध्ये बायका माझ्यादेखत माझ्याबद्दल बोलायच्या. मला दिसायचं. त्याच बायका माझा माग अडला तर आपला सोडून धावत यायच्या. मग कशाचं धरून बसायचं? ओठ वाचणारीला रुसून चालत नाही गं. रुसायला बसले असते तर एकही दिवस काम झालं नसतं." आणि जरा थांबून, "तुझ्या तोंडचं मला सगळ्यात छान वाचता येतं. स्वच्छ बोलतेस."

त्या रात्री जेवताना बापलेकांचं नेहमीचं सुरू झालं. दुरुस्तीवाल्याचा निरोप आला होता की बोर्ड अजून मिळत नाही, पण मिळेल. मुलगा म्हणाला नवीन, सासरे म्हणाले थांबू. सुनेने वाढता वाढता डाव खाली ठेवला. "घरात टीव्ही सगळ्यात जास्त कोण बघतं?" ती म्हणाली. "त्यांना विचारा ना."

सगळे आत्याबाईंकडे वळले. सासऱ्यांना खात्री होती की बहीण आपल्या बाजूने आहे; जुन्याची तिला माया. आत्याबाईंनी घास संपवला.

"नवीन घ्या," त्या म्हणाल्या.

"तू पण?" सासरे म्हणाले. "तुला आवाजाचं काय गं?"

"आवाजाचं काहीच नाही. माझे डोळे उतरलेत, दादा. या टीव्हीत तोंडं एवढीएवढीशी दिसतात आणि रंगही फिके झालेत. आताशा मी अर्धं वाचते आणि अर्धं मनाचं घालते. तुम्हाला कळत नाही एवढंच. मामाचा बाबा उगाच नाही झाला." सगळे हसायला लागले, पण त्या हसत नव्हत्या. "कान गेले तेव्हा मला वेळेवर कळलं नाही. डोळ्यांचं कळतंय तर सांगून ठेवते."

सासऱ्यांनी ताटाकडे बघत मान हलवली. "मोठाच घ्यायचा मग," ते म्हणाले, जसं काही हे पहिल्यापासून त्यांचंच म्हणणं होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे सून त्यांना आधी घेऊन गेली. नवा चष्मा लागला. मग सगळे मिळून दुकानात गेले. एका भिंतीवर वरपासून खालपर्यंत टीव्ही, सगळ्यांवर एकच चित्र, आणि सगळ्यांचे आवाज बंद. विक्रेता मुलाला रंगांबद्दल सांगत होता. आत्याबाई घरच्या खुर्चीएवढं अंतर मागे गेल्या आणि एकेका टीव्हीसमोर उभ्या राहून मोठमोठ्याने वाचायला लागल्या. सगळं दुकान थबकलं.

"यात बाईने मान हलवली की ओठ फरफटतात," एका भल्या मोठ्या टीव्हीबद्दल त्या म्हणाल्या. पुढे गेल्या. "यात तोंडावर उजेड फार. यात बरं. आणि हा," त्या एका मध्यम आकाराच्या टीव्हीसमोर थांबल्या, "यात त हा त दिसतो."

विक्रेता पोरगा त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला होता. "आजी, मी रोज इथे उभा असतो," तो म्हणाला, "ही बाई काय बोलते ते मला आज कळलं." त्या त्याच्याकडे बघून खूश झाल्या. मग काचेच्या केबिनमध्ये फोनवर बोलणाऱ्या मालकाकडे नजर टाकून त्यांनी भाच्याला कोपराने ढोसलं. "याच्याबरोबर भिंतीला लावायचं स्टँड फुकट द्यायचंय, असं तो आत सांगतोय. आपल्याला कुणी बोललं नाही ते." विक्रेत्याने कानाची पाळी पकडली आणि स्टँड आणायला गेला.

जुना टीव्ही दुरुस्तीवाला घेऊन गेला. कुणाकडे तरी आवाज होता आणि चित्र गेलं होतं, त्याच्या कामाला येणार होता. सासऱ्यांनी तो देण्याआधी ओल्या फडक्याने स्वतः पुसला.

नवा टीव्ही लागला त्या संध्याकाळी भाच्याने मोठ्या हौशीने एक बटण दाबलं आणि चित्राखाली अक्षरं उमटायला लागली. "आत्या, बघ! आता सगळं लिहून येणार. तुझे कष्ट वाचले."

आत्याबाईंनी थोडा वेळ बघितलं. "काढ ते," त्या म्हणाल्या. "हनुवटी झाकली जाते. आणि ती बोलतेय वेगळं, हे लिहितायत वेगळं. कुणी वाचून बघतं की नाही?"

नात म्हणाली, "मग आवाजही बंद ठेवू. आत्याआजी, तूच सांग. तुझं ऐकायची सवय झालीय."

"अजिबात नाही," आत्याबाई म्हणाल्या. "मोठा लावा आवाज. इतके दिवस तुमच्यासाठी ओरडत बसले, माझं स्वतःचं मालिकेकडे लक्षच नव्हतं. आता मला गप बसून बघू दे."

त्या गप बसल्या मात्र नाहीत. नायिकेने खिडकीकडे तोंड करून, सगळ्यांकडे पाठ फिरवून काहीतरी लांबलचक सांगितलं आणि आत्याबाईंनी सुनेच्या दंडाला हात लावला. "काय म्हणाली?"

सून त्यांच्याकडे वळली आणि आवाज न काढता, ओठ स्वच्छ हलवत, शब्दन् शब्द सांगायला लागली.